ढोल-ताशा, डॉल्बी, डीजे वाजवणाऱ्यांनो, कान कसे सांभाळायचे ते बघा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ढोल पथकाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "अजून कोणाच्या कानात शिट्टी वाजतेय का?", आणि त्याखाली पंधरा-वीस हसायच्या इमोजी. कानाला दडे बसलेत, घरचे काय बोलतायत ते नीट कळत नाहीये, आणि त्याची मजा वाटते कारण दोन दिवसांत सगळं आपोआप जातं. जातं म्हणजे ऐकू यायला लागतं एवढंच, आत काही दुरुस्त झालं असं नाही. आणि एखाद्या वर्षी ती शिट्टी जातच नाही.

हे वाजवणं बंद करा म्हणून लिहीत नाहीये. ढोल, ताशा, टोल, बेंजो, लग्नाचा बँड, डॉल्बी, क्लबमधला डीजे, ऑर्केस्ट्राचा साऊंड, जे करताय ते करा, फक्त कान शाबूत ठेवून कसं करायचं ते सांगतोय.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात प्रत्येक कानात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या आवाजाने हलतात आणि मेंदूला सिग्नल पाठवतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मोठ्या आवाजाने पहिला फटका बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या भागाला, म्हणून सुरुवातीला कळतच नाही, कारण बेस ऐकू येतो, गाणी ऐकू येतात, फक्त स, फ, त, क असली व्यंजनं निसटायला लागतात आणि माणूस म्हणतो "आवाज येतोय रे, पण काय बोलतोय ते कळत नाही". त्यात आणखी एक भानगड आहे. २००९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची टेस्ट पुन्हा नॉर्मल आली तरी केसपेशी आणि नस यांच्यातली बरीच जोडणी कायमची तुटलेली होती. म्हणजे "माझा रिपोर्ट नॉर्मल आहे" याने फार निवांत होऊ नका. आणि शिट्टी कुठून येते? कानाकडून सिग्नल कमी यायला लागला की मेंदू आपला गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचा नॉब, वाढवतो, आणि त्या वाढलेल्या गेनचा आवाज आपल्याला ऐकू येतो, निदान आजवर सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण तरी हेच आहे. साऊंडवाल्यांना हे लगेच कळेल.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेक लोक चुकवतात. प्रश्न फक्त "आवाज किती" हा नाही, "आवाज किती आणि किती वेळ" हा आहे. मोबाईलच्या रोजच्या डेटा पॅकसारखं समजा, दिवसाला ठरलेला कोटा, आणि आवाज जितका मोठा तितका तो भराभर संपतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा: ८५ डेसिबल असेल तर ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं, १०३ ला साडेसात मिनिटं. बस. १०९ ला दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं-मुली बरीच वर्षं विसर्जनाला लक्ष्मी रोडवर आवाज मोजतात, आणि काही वर्षी तिथली सरासरीच १०० डेसिबलच्या वर गेलेली आहे. ही रस्त्यावरची सरासरी, तुम्ही तर पथकाच्या आत उभे असता, तुमच्या पुढ्यात ताशा कडाडतोय. समजा सराव १०० डेसिबलला २ तास चालला, तर १५ मिनिटांचा कोटा तुम्ही एका संध्याकाळी आठ पट वापरला, आणि असं महिना-दीड महिना रोज. मिरवणुकीत एक दिवस जास्त आवाज असतो म्हणून सगळे मिरवणुकीला घाबरतात, माझ्या मते खरा फटका सरावात बसतो, कारण सरावाला कोणी कानात काही घालत नाही आणि तो रोज असतो.

स्वतः मोजून बघा. आयफोन असेल तर नायॉशचंच साऊंड लेव्हल मीटर नावाचं ॲप फुकट मिळतं आणि ते बऱ्यापैकी बरोबर दाखवतं. अँड्रॉइडवर कुठलंही चाललं, पण फोनगणिक माईक वेगळा असल्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, आणि खूप मोठ्या आवाजाला फोनचा माईकच हात टेकतो, म्हणजे १०० च्या पुढे आकडा अडकून बसला तर प्रत्यक्षात त्याहून जास्त आहे असं समजायचं. मोजताना सेटिंगमध्ये ए वेटिंग (dBA, माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणारं) ठेवा आणि क्षणाक्षणाचा उडता आकडा न बघता सरासरी बघा. ॲप नसेल तर सोपी खूण: हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुमचा कोटा जळतोय.

(ते रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले आकडे आहेत आणि ते आजूबाजूला राहणाऱ्या लोकांसाठी आहेत. परवानगी मिळाली म्हणून तुमचे कान वाचले असं होत नाही.)

आता प्लग, म्हणजे आवाज अडवायला कानात घालायची बुचं. सुरुवात स्वस्तापासून करू.

फोमचे प्लग, ते पिवळे-केशरी, मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअर-सेफ्टीच्या दुकानात मिळतात, जोडी फार तर चहा-वड्याच्या पैशात येते. लोकांना ते "काही उपयोगाचे नाहीत" वाटतात कारण बरेच लोक ते चुकीचे घालतात, अर्धा प्लग बाहेर लोंबत असतो. बरोबर पद्धत: हात स्वच्छ करा, प्लग बोटांत फिरवून फिरवून एकदम बारीक काडीसारखा करा, सुरकुती पडू देऊ नका. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून मागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, याने आतली वाट सरळ होते. मग लगेच प्लग आत सरकवा आणि बोटाने तसाच दाबून अर्धा मिनिट थांबा, तो आत फुलेपर्यंत. समोरून बघणाऱ्याला प्लग जवळपास दिसता कामा नये. चेक करायला दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. दाबल्यावर आवाज बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून परत घाला. नीट बसला असेल तर फारसा फरक पडत नाही.

पाकिटावर २९, ३२, ३३ असे आकडे असतात, प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो त्याचे. ते लॅबमधले, तज्ज्ञाने घालून दिलेल्या प्लगचे. तुमच्या-माझ्या हातून निम्मं मिळालं तरी छान म्हणायचं, म्हणजे १५ डेसिबल धरून चाला. आणि १५ कमी वाटत असेल तर वरचा हिशोब परत लावा: १०० चा सराव कानाला ८५ चा झाला, म्हणजे १५ मिनिटांऐवजी ८ तास. दहा-वीस रुपयांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

फोमची खरी अडचण वेगळी आहे. तो हाय फ्रिक्वेन्सी जास्त कापतो आणि बेस कमी, त्यामुळे सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं येतं. ढोलवाल्यांना चालून जातं, पण ताशावाल्याला स्वतःच्या काडीची धार ऐकू आली नाही की तो अजून जोरात मारतो, मनगट दुखतं आणि लय पण जड होते. गाणाऱ्याला आणि डीजेला तर फोम नकोच वाटतो. त्यांच्यासाठी म्युझिशियन प्लग असतात. यात आत छोटा फिल्टर असतो जो सगळ्या फ्रिक्वेन्सी जवळपास सारख्याच खाली आणतो, म्हणजे गाणं तेच, फक्त मास्टर फेडर खाली आल्यासारखं. रेडिमेडमध्ये एटिमोटिक, अल्पाइन, लूप वगैरे कंपन्यांचे ऑनलाइन मिळतात, घेताना "किती सुंदर दिसतो" यापेक्षा किती डेसिबल कमी करतो आणि तुमच्या कानाला कुठली साईज बसते ते बघा, सोबत दोन-तीन साईजच्या टोप्या देतात त्या सगळ्या घालून बघा, दोन कानांना दोन वेगळ्या साईज लागणं अगदी नॉर्मल आहे.

जे दर आठवड्याला वाजवतात, ज्यांचं पोट यावर आहे, त्यांनी मापाचे करून घ्या. ऑडिओलॉजिस्ट कानात सिलिकॉन भरून साचा घेतो (त्याआधी पडद्याच्या रक्षणासाठी आत दोरा बांधलेला छोटा बोळा ठेवतो, तो न ठेवता कोणी सिलिकॉन भरायला लागला तर उठून या), आणि त्यावरून प्लग बनतात. फिल्टर ९, १५, २५ डेसिबलचे असे बदलता येतात. खर्च काही हजारांत जातो पण वर्षानुवर्षं टिकतात. कुठला कधी: तालमीला, ऑर्केस्ट्राला, गाण्याला ९ किंवा १५. ताशा, टोल, डॉल्बीच्या गाडीवर २५. मिरवणुकीत सहा-सात तास असाल तर मापाचे असोत नसोत, नीट घातलेला फोम सगळ्यात भारी, तिथे साऊंड क्वालिटी कोण बघतंय.

कापसाचे बोळे घालणाऱ्यांसाठी एक वाक्य: तो नावापुरता असतो. आणि नॉइज कॅन्सलिंगवाले ब्लूटूथ बड्स घालून ढोल वाजवणारे पण बघितलेत, ते विमानाच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजासाठी बनलेत, ताशाच्या कडकडाटावर त्यांचा भरवसा धरू नका. प्लगवरून इअरमफ घातला तर दोघांचे आकडे बेरीज होत नाहीत, साधारण ५ डेसिबल जास्तीचे मिळतात, पण टोलवाल्यांनी तेवढे जरूर घ्यावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे पथकप्रमुखांनी ग्रुपवर पिन करून ठेवावं असं आहे. प्लग मधेमधे काढायचे नाहीत. गणित सरळ आहे: ३० डेसिबलचा भारी प्लग तुम्ही वेळेच्या फक्त १० टक्के काढून ठेवला तर एकूण संरक्षण १० डेसिबलवर येतं. अर्धा वेळ काढला तर जेमतेम ३. कारण त्या उघड्या मिनिटांत जो कोटा जळतो तो बाकीच्या तासांच्या कितीतरी पट असतो. म्हणून वाजवायच्या जागी पोचायच्या आधी, पार्किंगमध्येच प्लग घाला, आणि लांब शांत जागी गेल्यावरच काढा. "बोलायला लागतं ना" हे कारण सगळे देतात. गोंगाटात प्लग घालून समोरच्याचं बोलणं उलट बरं कळतं, कारण कान ओव्हरलोड होत नाही, फक्त स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून आपण हळू बोलायला लागतो, तेवढं लक्षात ठेवून जरा जोरात बोला. बाकी पथकात हाताच्या खुणा आणि शिट्टी आहेतच, हात बदलायची, उठाव घ्यायची, थांबायची खूण पहिल्या दिवसापासून प्लग घालूनच बसवा म्हणजे ऐन मिरवणुकीत कोणी काढत नाही. पहिले तीन-चार सराव विचित्र वाटेल. मग सवय होते.

सरावाची जागा पण बघा. पुलाखाली घुमतं म्हणून मस्त वाटतं, पण तिथे आवाज वरून आपटून परत तुमच्यावरच येतो. मोकळं मैदान किंवा नदीपात्र कधीही बरं. नवीन पोरापोरींना हात शिकवताना पूर्ण ताकदीने वाजवायची काय गरज, टायरवर किंवा लाकडी फळीवर बसवा ना हात. आणि सलग दोन तासांपेक्षा मधे पंधरा मिनिटं खरोखर लांब जाऊन बसा, ब्रेकमध्ये ताशावाल्याच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढणं म्हणजे ब्रेक नाही.

डीजे लोकांचं दुखणं थोडं वेगळं. तुम्ही बूथ मॉनिटर (तुमच्याकडे तोंड असलेला स्पीकर) वाढवता, मग हेडफोनचा क्यू (पुढचं गाणं आधी ऐकायचा आवाज) त्याच्या वर काढता, मग मॉनिटर कमी वाटतो म्हणून परत वाढवता, आणि एक वाजेपर्यंत दोन्ही नॉब शेवटाला. त्यात कान थकलेला असतो म्हणून हाय कमी ऐकू येतं, म्हणून ट्रेबल वाढतो, आणि एक-दोन पेग झाले असतील तर विचारूच नका. यावर उपाय: क्यू आणि मॉनिटरच्या नॉबवर सुरुवातीलाच टेप लावून खूण करा आणि त्या खुणेच्या वर जायचं नाही असं ठरवा. मॉनिटर फक्त मिक्स करताना वर, ट्रान्झिशन झालं की खाली. मॉनिटर कानाच्या उंचीवर आणि जवळ ठेवा, लांबचा मोठा मॉनिटर नेहमी जास्त जोरात लावावा लागतो. हेडफोन बंद पाठीचा, गच्च बसणारा घ्या. मिक्सरमध्ये स्प्लिट क्यू असेल तर वापरा, एका कानाने बाहेरचं ऐकून दुसऱ्या कानात क्यू फोडायची गरज कमी होते. आणि हो, १५ चा फ्लॅट प्लग घालून वरून हेडफोन लावता येतो, बरेच जण तसंच वाजवतात, फक्त मग क्यू चढवत बसलात तर घातलेला प्लग वाया गेला. घरी ट्रॅक बनवताना हळू आवाजात मिक्स करा. मोठ्या आवाजात कानाला बेस आणि हाय आपोआप जास्त ऐकू येतात म्हणून सगळंच भारी वाटतं, आणि सकाळी तोच ट्रॅक पोकळ निघतो.

डॉल्बीच्या गाडीवाल्यांनो, लेव्हल साऊंड चेकला ठरवा आणि लिमिटर (ठरलेल्या हद्दीवर आवाज जाऊ न देणारं यंत्र) लॉक करा, रात्री अकराला थकलेल्या कानांनी नवीन लेव्हल ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही वरची हद्द सांगितलीय, ती निदान डोक्यात असू दे. छातीत धडधडतो तो बेस, त्याची भीती सगळ्यांना वाटते, पण कानाला जास्त इजा मिड आणि हाय करतात, म्हणून टॉपच्या, म्हणजे मिड-हायच्या स्पीकरच्या, तोंडासमोर उभं राहायचं नाही. दोन गाड्यांच्या मधे अजिबात नाही. केबल धरणारी, जनरेटरपाशी बसणारी पोरं दहा-दहा तास तिथेच असतात आणि त्यांना कोणी प्लग देत नाही, ते द्या, मालकाचं काम आहे ते. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात, पेठेच्या बोळात दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे तेवढे होत नाहीत. आणि गाडीपुढे खांद्यावर तान्ही बाळं घेऊन नाचणाऱ्या बापांना कृपा करून मागे पाठवा.

ऑर्केस्ट्रा-बँडवाल्यांसाठी थोडंच: इन-इअर (स्वतःचं वाजवणं ऐकायचे कानातले मॉनिटर) वापरत असाल तर दोन्ही कानांत, एक काढून ठेवला की दुसरा दुप्पट वाढवला जातो. ब्रासच्या (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या) पुढे बसत असाल तर खुर्ची तिरकी घ्या, किंवा ब्रासला पायरीवर चढवा म्हणजे तोंडं तुमच्या डोक्यावरून जातील. "आपलं तर शास्त्रीय, काय होतंय" असं म्हणू नका. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधला एक व्हायोलावादक २०१२ साली तालमीत मागच्या ब्रासमुळे कानाने कायमचा अधू झाला, आवाज १३० च्या वर गेलेला, २०१८ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

आता, कार्यक्रम झाला आणि शिट्टी वाजतेय. पुढचे सोळा-अठरा तास कानाला पूर्ण आराम. गाडीत गाणी नाहीत, इअरफोन नाहीत, बुलेटवरून हायवे नाही. कानात तेल, लसणीचं कढवलेलं तेल, काही म्हणजे काही घालायचं नाही, आणि कापसाच्या काड्या घालून खरडायचं पण नाही, मळ अजून आत जातो. दोन दिवसांत गेली तर पुढच्या वेळी प्लग. आठवडा झाला तरी आहे, तर कान-नाक-घसा डॉक्टर.

पण काही गोष्टींना आठवडा थांबायचं नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त, पहिले दोन-तीन दिवस सोन्याचे. मळ असेल, सर्दी असेल म्हणून लोक दहा दिवस घालवतात. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये सांगितलं होतं की विमानातून उतरल्यावर अचानक ऐकू येईना, त्यांना व्हायरल इन्फेक्शननंतर नसेचा बहिरेपणा झाल्याचं निदान झालं. म्हणजे हे आवाजाशिवायही होतं. तसंच शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखी धकधक वाजत असेल, किंवा सोबत चक्कर असेल तरी लवकर दाखवा.

शिट्टी कायमची राहिलीच तर? ती बंद करणारी गोळी आज नाही, कोणी विकत असेल तर तो तुमचे पैसे काढतोय. पण त्रास खूप कमी होऊ शकतो, हे खरं आहे आणि हे लोकांना कोणी सांगत नाही. एकदम शांत खोलीत झोपू नका, पंखा, पावसाचा आवाज, तंबोरा हळू लावा, शिट्टीपेक्षा किंचित खाली. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने शिट्टी पण मागे जाते. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो सीबीटी म्हणजे समुपदेशनाच्या एका पद्धतीचा, त्याने आवाज तोच राहतो पण मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. ताण आणि जागरण याने वाढते. उलटं पण करू नका, घाबरून चोवीस तास प्लग घालून बसलात तर शांततेत ती अजून मोठी वाटते.

वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची टेस्ट, करा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, बाकी सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात पण होते. आदल्या दिवशी सराव नको, नाहीतर थकलेल्या कानाचा रिपोर्ट येतो. ग्राफमध्ये ४००० ला खड्डा दिसतोय का ते बघा आणि पहिला रिपोर्ट जपून ठेवा, पुढचे सगळे त्याच्याशीच ताडून बघायचेत. जमल्यास ८००० हर्ट्झच्या वरची टेस्टही मागून बघा, सगळीकडे नसते.

आणि मापाचे प्लग करायचे असतील तर सराव सुरू व्हायच्या आधीच साचा द्या. श्रावणात गेलात तर प्लग बनून येईपर्यंत गणपती बसलेले असतात, मग तोवर फोमवर काढा.